थडगे रिकामे होते, एवढ्यावरून काय सिद्ध होते?

शाहूपुरीकर:

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून आमच्या घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती विश्वास आहे. व्यवसायाने मी लेखापरीक्षणाचे काम करतो, बहुतांशी सहकारी पतसंस्थांच्या वह्या तपासतो, आणि त्यामुळे व्हाउचर नसलेली नोंद दिसली की माझा हात आपोआप थांबतो. यंदाच्या ईस्टरला, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्याच्या सणाला, आम्ही नेहमीप्रमाणे उजाडण्यापूर्वी दफनभूमीत जमलो, आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावली, बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय ऐकला आणि "प्रभू उठला आहे" या घोषणेला सर्वांनी "खरोखर उठला आहे" असे उत्तर दिले. मीही दिले. मात्र ते देताना आपण नेमक्या कशाला सही करत आहोत, असा विचार पहिल्यांदाच मनात आला आणि तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात माझ्या सहकाऱ्याने, जो वारकरी घरातला आहे आणि ज्याच्या मनात कोणताही आकस नाही, सहज विचारले की तू एवढ्यातेवढ्याची पावती मागतोस, मग या गोष्टीची पावती कुठे आहे? मला उत्तर सुचले नाही. घाईघाईने मी त्याला व्हॉट्सॲपवर आलेली, तुरीनच्या कफनाची (येशूचे प्रेत ज्यात गुंडाळले असे काही जण मानतात त्या कापडाची) एक चित्रफीत पाठवली. त्याने पाच मिनिटांत शोधून दाखवले की १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिच आणि ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी त्या कापडाची किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने तपासणी केली आणि ते १२६० ते १३९० या काळातले असल्याचा निष्कर्ष काढला. या निष्कर्षावर अजून वाद घातला जातो हे मला नंतर कळले. पण स्वतः न तपासलेला कागद मी दुसऱ्याच्या टेबलावर ठेवला, याची लाज वाटली ती वाटलीच.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे हा विषय काढला तेव्हा त्यांनी "थोमासारखा वागू नकोस" एवढेच सांगितले; थोमा म्हणजे स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा येशूचा शिष्य. म्हणून येथे विचारतो. येशूच्या पुनरुत्थानाबाबत इतिहासाच्या कसोटीला उतरेल असे नेमके काय आहे, ते कुठपर्यंत पोहोचते, आणि जिथे ते थांबते तिथून पुढे जाण्याला विश्वास म्हणायचे की डोळेझाक? शंका घेणे हे पाप आहे का, हाही प्रश्न आहेच.

दिवाणी_वकील:

आपला प्रश्न आवडला. मी ख्रिस्ती नाही. परंतु चाळीस वर्षे दिवाणी दावे चालवल्यामुळे साक्षीपुराव्याबद्दल थोडे बोलू शकतो, आणि हा विषय मी हौसेने वाचलेला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपण सुरुवात चुकीच्या कागदापासून करत आहात. बहुतेक लोक चार शुभवर्तमाने, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाचे येशूच्या जीवनाचे वृत्तांत, उघडतात, परंतु हाती असलेला सर्वांत जुना लेखी पुरावा सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक प्रेषित पौल याच्या पत्रांत आहे. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारणपणे इ. स. ५३ ते ५५ या काळातले मानले जाते, म्हणजे क्रूसावरील मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आतले. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळाले तेच मी तुमच्या हवाली केले: ख्रिस्त मरण पावला, त्याला पुरले, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला आणि केफाला (म्हणजे पेत्राला), मग बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि शेवटी मला दिसला. "मिळाले" आणि "हवाली केले" ही तोंडी परंपरा जपून पुढे देण्याची त्या काळातली ठरलेली भाषा आहे. त्यामुळे ही यादी पत्राहून जुनी आहे याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. पुनरुत्थान प्रत्यक्ष घडले हे नाकारणारे गेर्ड ल्यूडेमान यांच्यासारखे जर्मन अभ्यासकही तिचा गाभा अगदी सुरुवातीच्या वर्षांतला मानतात.

आता वकिली प्रश्न असा की ही ऐकीव साक्ष आहे की नाही. बरीचशी आहे. पण पौल गालतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो की आपण यरुशलेमेला जाऊन केफाबरोबर पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. त्या पंधरा दिवसांत हे दोघे हवापाण्यावर बोलत बसले नसणार. म्हणजे यादीतल्या किमान दोन नावांशी त्याची समोरासमोर गाठ पडली होती आणि तिसरे नाव त्याचे स्वतःचे आहे. पाचशेपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो लिहितो. विरुद्ध पक्षाला "हवे तर बोलावून विचारा" म्हणण्यासारखेच ते आहे. मात्र त्या पाचशेंपैकी एकाचेही नाव तो देत नाही आणि शुभवर्तमानांत या प्रसंगाचा स्पष्ट उल्लेख सापडत नाही, हे उलटतपासणीत मी नक्की काढले असते.

चारही वृत्तांतांत फरक आहेत म्हणून ते खोटे, असे काही लोक म्हणतात. कबरीपाशी गेलेल्या स्त्रिया किती, देवदूत एक की दोन, असे फरक मला त्रास देत नाहीत. चार साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलू लागले की ते पढवलेले आहेत हे न्यायाधीश न सांगता ओळखतात. परंतु शिष्यांना येशू गालीलात दिसला की यरुशलेमेत, हा फरक किरकोळ नाही. मत्तय अकरा शिष्यांना गालीलातल्या डोंगरावर नेतो, तर लूक त्यांना शहर सोडू नका असे सांगणारा येशू दाखवतो. दोन्ही एका कालपटात बसवता येतात असे ख्रिस्ती भाष्यकार म्हणतात. बसवता येतातही, पण ओढाताण करून.

जाता जाता एक सांगतो, कारण हा युक्तिवाद पुढे तुमच्यासमोर येईलच. सायमन ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन कायदेपंडिताने १८४६ मध्ये असे मांडले की जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर न्यायालय तो अस्सल मानते, म्हणून शुभवर्तमानेही मानावीत. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ९० हेच होते: तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून हजर झाला तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे गृहीत धरता येते. पण सही खरी मानणे आणि आतला मजकूर खरा मानणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शंभर वर्षांच्या जुन्या खरेदीखतातही खोटी चतु:सीमा लिहिलेली मी पाहिली आहे. शिवाय येथे मूळ दस्त कोणाच्याच हाती नाही, प्रतींच्या प्रती आहेत. तेव्हा हा युक्तिवाद सोडा, तो तुम्हाला तोंडघशी पाडेल.

सत्यशोधक_घरचा:

वकीलसाहेबांनी बाजू नेमकी मांडली आहे, म्हणून मी फक्त उरलेले मांडतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि आमच्या घरी पणजोबांपासून सत्यशोधक विचार आहे. त्यामुळे मी संशयाच्या बाजूचा आहे हे आधीच सांगितलेले बरे.

क्रूसावरील मृत्यू मी ऐतिहासिक मानतो. रोमन इतिहासकार टॅसिटस याने सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत रोमन सुभेदार पंतय पिलाताकडून झालेल्या त्या देहदंडाची नोंद केली आहे, आणि १९६१ मध्ये कैसरियात पिलाताचे नाव कोरलेला दगडही सापडला. दफनाबद्दल पूर्वी मला शंका होती, कारण क्रूसावर दिलेल्यांची प्रेते बहुधा तशीच टाकून देत. परंतु १९६८ मध्ये यरुशलेमेत एका अस्थिपेटीत टाचेच्या हाडात खिळा तसाच राहिलेला सांगाडा मिळाला, म्हणजे क्रूसावर मेलेल्या किमान एका माणसाला रीतसर कबर मिळाली होती. या शोधानंतर मी ती शंका सौम्य केली. शिष्यांना काहीतरी अनुभव आला आणि तो खरा आहे अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती, हेही मला मान्य आहे. प्रेत चोरल्याचा आरोप तर मत्तयाच्याच शुभवर्तमानात नोंदलेला आहे आणि अठराव्या शतकात जर्मन विद्वान रायमारुस याने तो पुन्हा उचलला, पण ज्या गोष्टीसाठी माणसे छळ सोसतात ती आपणच रचलेली आहे हे त्यांना ठाऊक असावे, ही कल्पना मला पटत नाही.

माझा आक्षेप यापुढच्या पायरीवर आहे. पौल आपल्या यादीत केफासाठी, याकोबासाठी आणि स्वतःसाठी "दिसला" हे एकच ग्रीक क्रियापद वापरतो. पौलाला जे झाले ते बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातल्या वर्णनानुसार प्रकाश आणि वाणी होते. मासा खाणारे, जखमा दाखवणारे शरीर लूक आणि योहान यांच्या वृत्तांतांत दिसते, आणि ते दशकांनंतर लिहिलेले आहेत. रिकाम्या थडग्याचा उल्लेख पौल करत नाही. मग आधी दर्शने आणि नंतर थडग्याची कथा असा क्रम का नसावा?

दुसरे असे की अपेक्षाभंग झाला की अनुयायी पांगतातच, असे नाही. शब्बताय झ्वी याला हजारो यहुदी मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानत होते. १६६६ मध्ये तुर्की सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला, तरीही काही अनुयायांनी त्या धर्मांतरालाच गूढ अर्थ देऊन श्रद्धा टिकवली. माणसाचे मन हे करू शकते.

आणि आता आपल्या घरचे. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असे वारकरी परंपरा मानते, ज्ञानोबांची समाधी संजीवन आहे असे मानते, आणि बीजेच्या दिवशी देहूत जमणाऱ्यांची खात्री आपल्या ईस्टरच्या पहाटेइतकीच अस्सल असते. शाहूपुरीकर, तुमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नामागे हेही असू शकते. यरुशलेमेची साक्ष ज्या मापाने मोजायची त्याच मापाने देहूची मोजायची की नाही? स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम याने १७४८ मध्ये म्हटले होते की चमत्काराची साक्ष तेव्हाच मानावी जेव्हा ती साक्ष खोटी असणे हाच अधिक मोठा चमत्कार ठरेल. मी त्याच मापाने दोन्हीकडे मोजतो आणि दोन्हीकडे हात जोडून थांबतो.

पन्हाळ्याचा_वारा:

पुरावा मागायचा असेल तर न्यायालयात जा, देवळात किंवा चर्चमध्ये कशाला येता? माझ्या आईने आयुष्यात एक पुस्तक वाचले नाही, पण तिचा विश्वास या सगळ्या चर्चेपेक्षा पक्का होता.

मिरजेची_परिचारिका:

मी मिरजेच्या मिशन रुग्णालयात तीस वर्षे काम करून निवृत्त झाले. आता मुलाकडे कोल्हापुरात असते. वरच्या बंधूंच्या आईसारख्या अनेक बाया मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्यांचे नाव घेऊन प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करणे मला योग्य वाटत नाही. त्या स्वतः कोणाला गप्प करत नसत.

प्राध्यापकसाहेब, दर्शनांविषयी आपण म्हणालात ते मी नाकारत नाही. नवरा गेल्यावर महिनाभरात तो दारात उभा दिसला, त्याच्या विडीचा वास आला, असे सांगणाऱ्या कितीतरी स्त्रिया मला भेटल्या आणि त्यांतली एकही वेडी नव्हती. पण त्यातली एकही असे म्हणाली नाही की तो जिवंत झाला आहे. "तो येऊन निरोप घेऊन गेला", "आता त्याचा जीव शांत झाला" असेच त्या म्हणत. अशा अनुभवाने माणसाला आपले माणूस गेले याची खात्री पटते. पेत्रालाही असेच काही झाले असते तर तो म्हणाला असता की प्रभूचा आत्मा देवाजवळ आहे, आणि यहुदी माणसाला ते म्हणायला शब्द उपलब्ध होते. "उठवला" हा शब्द त्यांनी ज्या गोष्टीसाठी राखून ठेवला होता ती काळाच्या शेवटी सगळ्या मृतांच्या बाबतीत एकदम घडायची होती. मध्येच एकट्याच्या बाबतीत घडेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, आणि सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांना तर ते मुळातच मान्य नव्हते. एवढ्या अडचणीच्या शब्दापर्यंत ते का गेले, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. शब्बताय झ्वीच्या लोकांनी जुन्या शब्दाचा अर्थ वाकवला, हे खरे. पण ज्यांनी त्याला पुरले त्यांनी तो उठून आपल्याबरोबर जेवला असे म्हटले नाही.

स्त्रियांचे दुसरे. योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार स्पष्ट लिहितो की स्त्रियांची साक्ष घेऊ नये. पुढे केल्सस नावाच्या ख्रिस्तविरोधी तत्त्वज्ञाने मग्दालीया मरीयेची "वातचळलेली बाई" म्हणून थट्टाही केली. कथा रचायचीच असती तर पहिले साक्षीदार म्हणून कोणी बायकांना नेमले असते का? पौलाच्या यादीत मात्र या बायकांचा पत्ता नाही. वकीलसाहेबांनी हे सोडून दिले, मी सोडणार नाही! बहुधा यादी बनवणाऱ्यांना त्यांची अडचण वाटली असावी. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना वाटली नाही, किंवा वाटूनही त्यांनी त्या तशाच राहू दिल्या. लूक तर लिहितो की प्रेषितांना त्यांचे बोलणे वायफळ बडबडीसारखे वाटले. म्हणजे पुनरुत्थानावर पहिली शंका प्रेषितांनीच घेतली.

आता शाहूपुरीकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. तुम्हाला ज्यांनी थोमाचे उदाहरण दिले त्यांनी योहानाचा विसावा अध्याय पुन्हा वाचावा. इतर दहा जणांनी प्रभूला आधी पाहिले आणि मग विश्वास ठेवला; थोमाने फक्त तेवढेच मागितले जेवढे त्यांना आधीच मिळाले होते. त्यासाठी येशूने त्याला हाकलले नाही, हात पुढे केला. "पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य" हे वाक्य मला नेहमी थोमाला दिलेल्या फटकाऱ्यापेक्षा आपल्यासारख्या उशिरा जन्मलेल्यांसाठी उच्चारलेले वाटते. मत्तयाच्या शेवटच्या प्रसंगात अकरा जण डोंगरावर त्याला नमन करतात आणि त्याच वाक्यात लिहिले आहे की काहींना संशय वाटला. समोर पाहूनही! आणि मार्कातला तो बाप, ज्याचा मुलगा फेफऱ्याने तडफडत होता, म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. वॉर्डात रात्रपाळीला मी हीच प्रार्थना सर्वांत जास्त केली आहे.

तुम्ही पतसंस्था तपासता म्हणून एक शब्द सुचवते. आपल्या मराठीत विश्वास "ठेवतात", ठेव ठेवावी तसा. ठेवीदार पतसंस्थेचा ताळेबंद बघतो, संचालकांची माणुसकी बघतो, चार लोकांना विचारतो, आणि तरी पैसे ठेवताना उद्याची पावती त्याच्या हातात नसते. न बघता ठेवणारा मूर्ख ठरेल हे खरे, पण शंभर टक्के खात्री झाल्यावरच ठेवीन म्हणणाऱ्याचे पैसे गादीखालीच राहतात.

सत्यशोधक_घरचा:

परिचारिकाताई, विधवांविषयीचे आपले निरीक्षण माझ्याकडे नव्हते आणि त्यावर मला विचार करावा लागेल. ठेवीच्या उदाहरणात मात्र एक अडचण आहे: बुडीत पतसंस्थांचे ठेवीदारही अगदी असेच बोलत असत.

मिरजेची_परिचारिका:

हो, आणि त्यांतली एक मी होते. म्हणून तर ताळेबंद बघायला सांगितला.

दिवाणी_वकील:

ह्यूमविषयी एक भर. ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड प्राइस यांनी १७६७ मध्ये त्याला उत्तर देताना लॉटरीचे उदाहरण दिले: अमुक एकाच क्रमांकाला बक्षीस लागणे अत्यंत असंभवनीय असते, तरी एका वर्तमानपत्रातल्या बातमीवर आपण ते मानतो. घटना दुर्मीळ आहे एवढ्यावरून साक्ष आपोआप निकालात निघत नाही. अर्थात लॉटरी कोणाला ना कोणाला लागतेच आणि मेलेला माणूस उठत नाही, हे ह्यूमच्या बाजूने पुन्हा म्हणता येते. तेव्हा वाद शेवटी इथे येऊन ठेपतो की हे जग असे काही घडू शकेल असे आहे का, याविषयी आपली आधीची समजूत काय आहे. आणि ती समजूत मार्काच्या किंवा पौलाच्या कागदावरून ठरत नाही. पिन्हास लापिदे नावाचे एक धर्मनिष्ठ यहुदी विद्वान होते, त्यांनी पुनरुत्थान ही खरी घटना मानली आणि तरीही येशूला मसीहा मानले नाही, ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे, प्राध्यापकसाहेब, देहू आणि यरुशलेम एकाच मापाने मोजायला माझी हरकत नाही. फक्त माप म्हणजे काळाचे अंतर, साक्षीदारांची नावे आणि साक्ष देण्यात त्यांचा तोटा किती, हे ठरवून घ्या आणि दोन्ही वह्या पूर्ण उघडा.

शाहूपुरीकर:

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. आई म्हणाली की विडीच्या वासाची गोष्ट तिचीही आहे, आणि ती तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती.

मी दोन दिवसांत करिंथकरांचा पंधरावा अध्याय आणि गालतीकरांचा पहिला अध्याय शेजारी ठेवून वाचले. पौल तिथे स्वतःच म्हणतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. म्हणजे ही नोंद चुकली तर सगळा ताळेबंद रद्द, असे तो लेखापरीक्षकाला आपणहून लिहून देतो. असे लिहून देणारा संचालक मला अजून भेटलेला नाही. प्राध्यापकांचा "दिसला" या क्रियापदाचा मुद्दा मात्र माझ्या वहीत तांबड्या शाईने राहिलेला आहे आणि तो मी खोडणार नाही.

एक नवीन गोष्ट कळली, ती विचारतो. मार्काच्या सर्वांत जुन्या दोन संपूर्ण हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या, सोळावा अध्याय आठव्या वचनाशी संपतो, जिथे स्त्रिया भयाने पळून जातात आणि कोणाला काही सांगत नाहीत. दर्शने त्यानंतरच्या वचनांत आहेत. आम्ही दफनभूमीत दरवर्षी संपूर्ण अध्याय वाचतो. पुढच्या महिन्यात तरुण संघात वाचन माझ्याकडे आहे, आणि आठव्या वचनावर थांबून बाकीच्यांना काय वाटते ते विचारावे असे मनात आहे. वडीलधारी मंडळी नाराज होतील का?

मिरजेची_परिचारिका:

होतील. तरी थांबा, पण लगेच खाली बसू नका. कोणीतरी बोलेपर्यंत उभे राहा.

दिवाणी_वकील:

आणि आठवे वचन वाचताना घाई करू नका. कोणाला सांगितले नाही असे लिहिले आहे, पण ते आपल्यापर्यंत आले कसे, हे कोणीतरी विचारेलच. उत्तर तयार नसले तरी चालेल.